अपडेटनंतर व्हिडिओ अडखळत चालतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालपर्यंत नीट चालणारा व्हिडिओ आज झटके देत चालतो आणि मधे घडलेली एकच गोष्ट आठवते: रात्री संगणकानं अपडेट घेतलं होतं. या एका तक्रारीची किती वेगवेगळी रूपं असतात, ते मला येणाऱ्या प्रश्नांवरून कळत गेलं. त्यातले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. सगळे क्रमानं वाचायची गरज नाही. पण पहिले चार वाचून होईपर्यंत काहीही काढू, पुसू किंवा नव्यानं बसवू नका. व्हिडिओसाठी अख्खी सिस्टिम पुसून टाकलेले आणि त्यात स्वतःचे फोटो गमावलेले लोक मी पाहिले आहेत, आणि बिघाड एका सेटिंगचा होता.

१. व्हिडिओ इंटरनेटमुळे अडकतोय की संगणकामुळे, हे कसं ओळखायचं?

आवाजाकडे लक्ष द्या. इंटरनेट कमी पडत असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, गोल फिरायला लागतं, आणि थोड्या वेळानं दोन्ही सुरळीत पुढे जातात. संगणक कमी पडत असेल तर आवाज बहुतेक वेळा अखंड चालू राहतो आणि चित्र मात्र उड्या मारत त्याच्या मागे धावतं.

खात्री करायची तर एखादा व्हिडिओ आधी पूर्ण उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा आणि तो चालवा. तरीही अडखळला तर राउटरचा विषय संपला. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडलं की दोन आकडे दिसतात. एक म्हणजे गळलेल्या फ्रेम, म्हणजे न दाखवताच सोडून दिलेली चित्रं, दुसरा पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ साठवून ठेवलाय तो. साठा भरपूर आहे आणि गळती वाढतेय, तर दोष संगणकाच्या बाजूचा. साठाच शून्याकडे चाललाय, तर इंटरनेटचा. मग पुढचे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत.

२. बाकी सगळं नीट चालतं, मग अपडेटनं व्हिडिओच का बिघडतो?

कारण संगणकावरच्या रोजच्या कामांत व्हिडिओइतकी वेळेची बांधीलकी दुसऱ्या कशालाच नसते. १०८०पीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. सेकंदाला अशी ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येकासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. उलगडलेल्या रूपात हा मजकूर सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट भरतो. इतकं कोणी पाठवू शकत नाही म्हणून व्हिडिओ दाबून, सांकेतिक रूपात पाठवला जातो, आणि तो उलगडायचं काम तुमच्या संगणकावर येतं. ४केमध्ये ठिपके चौपट.

या उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये एक वेगळं सर्किट असतं. ते दुसरं काही करत नाही, पण हे काम थोड्या विजेत आणि वेळेवर करतं. ब्राउझर किंवा प्लेअर त्याच्यापर्यंत ड्रायव्हरमार्फत, म्हणजे चिप आणि सिस्टिम यांच्यातल्या दुभाषी सॉफ्टवेअरमार्फत, पोहोचतो. अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला, ब्राउझरला नवा ड्रायव्हर पटला नाही, किंवा एखादं सेटिंग मूळ पदावर गेलं, की ही वाट तुटते. मग काम गुपचूप मुख्य प्रोसेसरवर येतं. कुठलीही सूचना येत नाही, चूक झाल्याचा संदेश दिसत नाही. फक्त पंखा जोरात फिरायला लागतो आणि चित्र अडखळतं. टाइप करताना किंवा ईमेल वाचताना प्रोसेसरला मोकळा वेळ भरपूर असतो, म्हणून तिथे काहीच जाणवत नाही.

या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा मुद्दा हाच आहे: वाट कुठे तुटली ते आधी शोधा, मगच हात लावा.

३. अपडेट कालच झालंय. लगेच काही करू की थांबू?

थांबा. एक दिवस तरी. मोठ्या अपडेटनंतर संगणक स्वतःचीच बरीच कामं उरकत असतो. विंडोज फाइलींची शोधसूची नव्यानं बनवतं, डिफेंडर हे त्याचं अँटिव्हायरस तपासणी करतं, जुन्या फाइली आवरल्या जातात. मॅकवर स्पॉटलाइट ही शोधाची सोय सगळी डिस्क पुन्हा वाचते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर या काळात तिचा वापर १०० टक्क्यांवर दिसतो आणि व्हिडिओच काय, काहीच धड चालत नाही. लॅपटॉप चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा.

त्यानंतर 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते, बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

४. व्हिडिओ ग्राफिक्स चिपवर उलगडतोय की प्रोसेसरवर, हे कुठे दिसतं?

विंडोजमध्ये व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, निवडा. तिथल्या छोट्या आलेखांत 'व्हिडिओ डिकोड' शोधा. काही चिपवर त्याला 'व्हिडिओ कोडेक' म्हटलेलं असतं. व्हिडिओ चालू असताना हा आलेख वर उठला पाहिजे. तो शून्यावर पडून आहे आणि सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, ६०-७० टक्क्यांवर गेलाय, तर वाट तुटली आहे.

क्रोम किंवा एजमध्ये पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेषा आणि जीपीयू एवढं इंग्रजी लिपीत टाइप करा. उघडणाऱ्या यादीत 'व्हिडिओ डिकोड'समोर 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' लिहिलेलं हवं. 'सॉफ्टवेअर ओन्ली' असेल तर प्रश्न ५ आणि ६ तुमच्यासाठी आहेत. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट असं टाइप करून ग्राफिक्स आणि मीडिया हे भाग पाहा. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर, लिनक्सवर प्रश्न १७.

एक सावधगिरी: यादीत हार्डवेअर लिहिलंय म्हणजे प्रत्येक व्हिडिओ तिथेच उलगडतो असं नाही. ते व्हिडिओच्या प्रकारावरही ठरतं. त्याबद्दल प्रश्न १० आणि ११.

५. 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा' असं सगळीकडे सांगतात. करू का?

तपासणी म्हणून जरूर करा. कायमचा उपाय म्हणून शक्यतो नको.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग 'सिस्टिम', आणि 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल'. फायरफॉक्समध्ये 'परफॉर्मन्स'खालची 'यूज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज' ही खूण काढली की हा पर्याय दिसतो. बदल केल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

आता निकाल वाचायचा. बंद केल्यावर व्हिडिओ सुधारला, तर ग्राफिक्स चिपकडे जाणारी वाट आहे, पण खराब आहे. दोष बहुधा ड्रायव्हरचा, प्रश्न ६ पाहा. बंद केल्यावर आणखी बिघडला, तर वाट नीट आहे आणि दोष दुसरीकडे आहे. काहीच फरक पडला नाही, तर काम आधीपासूनच प्रोसेसरवर होतं.

हा सल्ला इतका पसरला कारण तो बऱ्याचदा लगेच लागू पडतो. पण त्याची किंमत नंतर दिसते: बॅटरी लवकर संपते, लॅपटॉप तापतो, आणि ४के व्हिडिओ पुन्हा कधीच नीट चालत नाही. मग तीन महिन्यांनी ड्रायव्हर दुरुस्त होऊन येतो, तेव्हा आपण हे बटण बंद केलं होतं हे आठवतच नाही. बंद ठेवावंच लागलं तर कुठेतरी तारखेसकट लिहून ठेवा.

६. डिस्प्ले ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर कसा न्यायचा? 'रोल बॅक' बटण फिकट दिसतंय.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली तुमच्या चिपच्या नावावर उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर', आणि तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर'. त्याआधी तिथे दिसणारी ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती लिहून घ्या.

बटण फिकट असेल तर विंडोजकडे जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. अशा वेळी चिप बनवणाऱ्याच्या, म्हणजे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून हवी ती आवृत्ती घ्या. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर पाहा, कारण काही लॅपटॉपना त्यांच्यासाठी बदललेला ड्रायव्हरच मानवतो. 'ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणारी तिसऱ्याच कोणाची सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. त्यांच्यामुळे बिघडलेले संगणक मी अपडेटमुळे बिघडलेल्यांइतकेच पाहिले आहेत.

सर्वांत नवा ड्रायव्हर हाच उपाय असेल असंही नाही. कधी नवा, कधी जुना. तुमचा व्हिडिओ शेवटचा नीट चालला तेव्हा जो होता, तो तुमच्यासाठी योग्य.

७. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतंय. हे काय?

खरा ड्रायव्हर लोड झालेला नाही. हा तात्पुरता पर्याय फक्त पडद्यावर चित्र उमटवतो, व्हिडिओ उलगडण्याची सोय त्यात नसते. निदान इथेच संपलं: प्रश्न ६ प्रमाणे खरा ड्रायव्हर बसवा.

८. ड्रायव्हर दुरुस्त केला, पण आठवड्याभरात विंडोजनं पुन्हा तोच बसवला. थांबवायचं कसं?

ही तक्रार खरी आहे. विंडोज अपडेट ड्रायव्हरही पुरवतं आणि कधी कधी तुम्ही बसवलेल्याच्या जागी स्वतःकडचा ठेवतं.

विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटरमधल्या विंडोज अपडेटच्या भागात 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' असं धोरण आहे. ते लागू केलं की सुरक्षेची अपडेट येत राहतात, ड्रायव्हर येत नाहीत. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो; तिथे 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून 'नो' निवडा. हा अडसर तितका पक्का नाही, पण उपयोग होतो.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहून गोंधळ होत असेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे साधन सगळं पुसून देतं. क्रम महत्त्वाचा: हवा तो ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करण्याची रीत) जाऊन साधन चालवा, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर बसवा, आणि त्यानंतरच इंटरनेट जोडा. इंटरनेट चालू ठेवलं तर मधल्या काही मिनिटांत विंडोज स्वतःचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

९. मग अपडेटच काढून टाकलं तर?

दोन प्रकार वेगळे ठेवा. दर महिन्याचं अपडेट सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्ट्री', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' इथून काढता येतं. वर्षातून एकदा येणारं मोठं, आवृत्ती बदलणारं अपडेट 'रिकव्हरी'मधल्या 'गो बॅक'नं मागे नेता येतं, पण त्याची मुदत साधारणपणे १० दिवसांची असते. नंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली पुसल्या जातात. मधेच डिस्क साफ करताना 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर काढलात तर त्याआधीच.

माझं मत स्पष्ट आहे: ड्रायव्हर आणि ब्राउझर तपासल्याशिवाय सुरक्षेचं अपडेट काढू नका. व्हिडिओ अडखळणं हा त्रास आहे, उघडं राहिलेलं भगदाड हा धोका आहे. काढलंच तर अपडेट काही आठवड्यांसाठी थांबवून ठेवा आणि दुरुस्त आवृत्ती आली की लगेच घ्या. विंडोज १० साठीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मागे जाण्यासाठी ११ वरून १० वर उतरणं हा उपाय मी आता कोणालाही सुचवत नाही.

१०. फक्त यूट्यूब अडखळतं. उतरवलेले चित्रपट मात्र लोण्यासारखे चालतात. असं का?

इथे व्हिडिओ कुठल्या पद्धतीनं दाबलाय हा प्रश्न येतो. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेला एच.२६४ जवळजवळ प्रत्येक संगणकाच्या ग्राफिक्स चिपला उलगडता येतो. त्यानंतर २०१३ मध्ये व्हीपी९ आला आणि २०१८ मध्ये एव्ही१. नवा कोडेक तेवढंच चित्र कमी जागेत बसवतो, पण उलगडायला जास्त मेहनत मागतो.

एव्ही१ उलगडणारं सर्किट इंटेलच्या ११व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून आलं. हे सगळे २०२० च्या सुमाराचे. त्यातही आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डांत ते नाही. ॲपलच्या मॅकमध्ये ते एम३ चिपपासून, २०२३ मध्ये. तुमचा संगणक त्याआधीचा असेल तर एव्ही१ व्हिडिओ प्रोसेसरलाच उलगडावा लागतो.

आता अपडेटचा संबंध. ब्राउझर साइटला सांगतो की आपल्याला कोणते कोडेक जमतात, आणि साइट त्यातला एक निवडते. ब्राउझरचं नवं अपडेट आलं, त्याचं उत्तर बदललं, की तोच व्हिडिओ कालपासून दुसऱ्याच कोडेकमध्ये यायला लागतो. तुमच्या बाजूनं काहीच मोडलेलं नसतं.

तपासायला प्रश्न १ मधली 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'ची खिडकी उघडा आणि कोडेकची ओळ वाचा. तिथे एव्ही०१, व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ असं काहीतरी दिसेल. शेवटचं म्हणजे एच.२६४. जुन्या संगणकावर एव्ही०१ दिसत असेल तर यूट्यूबच्या खात्यातल्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये एव्ही१ ची पसंती बदला, किंवा यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवा. मर्यादा एवढीच की यूट्यूबवर एच.२६४ १०८०पीपर्यंतच मिळतो. जुन्या संगणकाला १०८०पी अखंड मिळालेलं अडखळणाऱ्या ४केपेक्षा केव्हाही चांगलं.

११. माझं उलटं आहे. यूट्यूब छान, पण फोननं काढलेले व्हिडिओ संगणकावर अडखळतात.

फोनवरचे व्हिडिओ बहुधा एचईव्हीसीमध्ये असतात. आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ पासून, मूळ सेटिंगमध्ये हाच कोडेक वापरतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं वेगळं एक्स्टेन्शन लागतं, आणि मोठ्या अपडेटनंतर ते एकदा तपासावं. तुमची विंडोज 'एन' प्रकारची, म्हणजे मीडियाची सोय वगळून आलेली, असेल तर 'मीडिया फीचर पॅक' मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बसवावा लागतो. हे माहीत नसल्यानं लोक आठवडे घालवतात.

व्हीएलसी वापरत असाल तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इनपुट / कोडेक्स'खाली 'हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग' आहे. 'ऑटोमॅटिक'वर ठेवून पाहा, मग डायरेक्ट३डी ११, मग 'डिसेबल'. प्रत्येक बदलानंतर तोच व्हिडिओ, त्याच ठिकाणापासून.

अपवाद दोन. पहिला, १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारं) एचईव्हीसी: इंटेलमध्ये ते ७व्या पिढीपासून चिपवर उलगडतं, ६वी पिढी फक्त ८-बिट. फोनवर एचडीआर चालू असेल तर व्हिडिओ १०-बिट होतो. त्यामुळे अपडेट संगणकाचं नसून फोनचं किंवा त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगचं असू शकतं! दुसरा, १०-बिट एच.२६४: बहुतेक घरगुती चिपमध्ये त्यासाठी सर्किटच नाही. कॅमेऱ्यानं असा व्हिडिओ काढला असेल तर तो आधी साध्या रूपात बदलून घ्या. ड्रायव्हर शोधत बसू नका.

१२. एकही फ्रेम गळत नाही, सीपीयू शांत आहे, तरी कॅमेरा बाजूला सरकताना झटके दिसतात.

मग व्हिडिओ नीट उलगडतोय, पडद्यावर नीट पोहोचत नाही. पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो ते पाहा: विंडोजमध्ये सेटिंग्ज, 'डिस्प्ले', 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'. ड्रायव्हर बदलला की हा आकडा कधी कधी मूळ पदावर जातो. १४४ चा पडदा ६० वर आला तर व्हिडिओत फारसं जाणवत नाही, पण ४के पडदा ३० हर्ट्झवर आला तर ६० फ्रेमच्या व्हिडिओतली निम्मी चित्रं दाखवलीच जात नाहीत. ब्राउझरचा गळलेल्या फ्रेमचा आकडा मात्र सगळं छान म्हणतो.

मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. तीन ड्रायव्हर बदलले, ब्राउझर काढून पुन्हा बसवला, आणि शेवटी या एका ओळीत ३० लिहिलेलं दिसलं. तेव्हापासून मी ते सर्वांत आधी पाहतो. यादीत ६० हा पर्यायच नसेल तर केबल बदलून पाहा: एचडीएमआय १.४ ला ४के ३० हर्ट्झपर्यंतच जमतं, ६० साठी २.० लागतं.

आकडा ६० असेल आणि झटके फक्त चित्रपटांतच दिसत असतील, तर तो बिघाड नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात आणि २४ नं ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं. सावकाश सरकणाऱ्या दृश्यात डोळ्याला ते कळतं. पडद्याला ४८, ७२ किंवा १२० हर्ट्झ जमत असेल तर तो निवडा, हा त्रास जातो.

१३. दोन मॉनिटर आहेत आणि एकावरच अडखळतं.

दोघांचे हर्ट्झ वेगळे असतील तर तात्पुरते सारखे करून पाहा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर बाहेरचा मॉनिटर बऱ्याचदा एका चिपला आणि लॅपटॉपचा पडदा दुसरीला जोडलेला असतो. सेटिंग्जमधल्या 'ग्राफिक्स' पानावर ब्राउझर कोणत्या चिपवर चालवायचा ते ठरवता येतं.

१४. आवाजाच्या ड्रायव्हरमुळे चित्र अडखळू शकतं का?

हो, आणि हे सहसा कोणाला सुचत नाही. बहुतेक प्लेअर आणि ब्राउझर चित्राची वेळ आवाजाच्या घड्याळावरून लावतात, कारण आवाजातली खोट कानाला आधी कळते. अपडेटनंतर आवाजाचा ड्रायव्हर अडखळला की चित्रही त्याच्याबरोबर अडखळतं. तपासणी सोपी आहे: ब्लूटूथ हेडफोन काढा, आवाज दुसऱ्या मार्गानं, म्हणजे संगणकाच्या स्पीकरवर किंवा मॉनिटरच्या, वळवा आणि तोच व्हिडिओ लावा. फरक पडला तर डिस्प्लेचा ड्रायव्हर सोडून आवाजाचा मागे न्या. रीत प्रश्न ६ चीच.

आवाजात टकटक किंवा खरखर येत असेल तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवून ठेवतोय. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' हे साधन त्याचं नाव दाखवतं. बऱ्याचदा तो वाय-फायचा निघतो.

१५. सुरुवातीची दहा मिनिटं नीट, मग अडखळायला लागतं.

उष्णता. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. अपडेटनं काम चिपवरून प्रोसेसरवर आणलं असेल तर हा प्रकार नव्यानं सुरू होतो, म्हणून आधी प्रश्न ४. तिथे सगळं ठीक असेल तर पंख्यातली धूळ पाहा. चार्जर काढल्यावरच त्रास होत असेल तर 'पॉवर मोड' आणि 'बॅटरी सेव्हर' तपासा; अपडेटनंतर ही सेटिंग्ज बदललेली आढळतात.

१६. मॅकवर काय करायचं? तिथे ड्रायव्हर दिसतच नाही.

मॅकमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर सिस्टिमबरोबरच येतो. वेगळा उतरवून मागे नेता येत नाही. म्हणून तिथे प्रश्न ३ मधलं थांबणं जास्त महत्त्वाचं. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'एमडीएस' किंवा 'एमडीवर्कर' नावाच्या प्रक्रिया वर दिसत असतील तर सूची बनवणं चालू आहे. ते संपल्यावरही अडखळत असेल तर तोच व्हिडिओ सफारी आणि क्रोम दोन्हींत लावा. एकातच अडखळला तर प्रश्न १८. 'लो पॉवर मोड'ही पाहून घ्या.

१७. लिनक्सवर कर्नल अपडेट झालं आणि व्हिडिओ गेला.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर पहिला संशय हा की नव्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हरचं मॉड्यूल (गाभ्याला जोडला जाणारा भाग) बनलंच नाही, किंवा सिक्युअर बूटनं, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणाऱ्या सोयीनं, ते नाकारलं. संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचं कर्नल निवडा. तिथे नीट चाललं तर निदान पक्कं. मॉड्यूल नव्यानं बनवा. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' दिसत असेल तर सगळं चित्र प्रोसेसरच रंगवतोय.

इंटेल आणि एएमडीवर 'व्हीएइन्फो' ही आज्ञा चिपला उलगडता येणाऱ्या कोडेकची यादी देते. यादीतून एच.२६४ आणि एचईव्हीसीच गायब असतील तर तो कदाचित तुमच्या लिनक्स वितरणाचा (डिस्ट्रोचा) निर्णय आहे. फेडोरा या वितरणानं २०२२ मध्ये पेटंटच्या कारणानं मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचामधला या कोडेकचा आधार काढला, आणि एएमडी वापरणाऱ्या अनेकांचा व्हिडिओ एका साध्या अपडेटनं प्रोसेसरवर आला. आरपीएम फ्यूजन या फेडोरासाठीच्या बाहेरच्या भांडारातलं 'फ्रीवर्ल्ड' नावाचं व्हीए ड्रायव्हर पॅकेज बसवलं की तो परत येतो.

१८. एकाच ब्राउझरमध्ये अडखळतं, दुसऱ्यात नाही.

आधी खाजगी खिडकीत लावून पाहा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे नीट चाललं तर ती एकेक करून बंद करा. नाही चाललं तर नवं प्रोफाइल बनवून तपासा. तरीही नाही, तर ब्राउझरनं तुमचा ड्रायव्हर नाकारलेला असू शकतो: क्रोमकडे बिघडलेल्या ड्रायव्हरची यादी असते आणि त्यात तुमचा आला की ते चिपचा वापर स्वतःहून थांबवतं. प्रश्न ४ मधल्या पानावर त्याचं कारण लिहिलेलं असतं. ही यादी डावलायचा मार्ग आहे, पण त्यापेक्षा ड्रायव्हर बदला. यादीत नाव येण्यामागे कारण असतं.

१९. सेफ मोडमध्येही अडखळतं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं?

मुळीच नाही. सेफ मोडमध्ये चिपचा खरा ड्रायव्हर मुद्दामच लोड केला जात नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ अडखळणारच. मॅकवरही तेच. रिमोट डेस्कटॉप आणि व्हर्च्युअल मशीन यांतली तपासणीही ग्राह्य धरू नका.

२०. बिघाड अपडेटच्याच दिवशी झाला, पण अपडेटचा संबंध नाही, असं असू शकतं का?

असू शकतं. अपडेटमुळे कित्येक आठवड्यांनी संगणक रीस्टार्ट होतो आणि मधल्या काळात बसवलेलं, पण लागू न झालेलं सगळं त्याच क्षणी लागू होतं: महिन्यापूर्वीचा ड्रायव्हर, विसरून गेलेलं एखादं सॉफ्टवेअर, ब्राउझरची वाट पाहत पडलेली नवी आवृत्ती. दोष शेवटच्या अपडेटच्या माथी जातो. म्हणून 'अपडेट हिस्ट्री' तारखेनुसार वाचा, फक्त शेवटची नोंद पाहू नका.

हार्डवेअरचाच संशय असेल तर यूएसबीवरून लिनक्स चालवून पाहा. त्यासाठी डिस्कवर काहीही बसवावं लागत नाही. तिथे तोच व्हिडिओ, त्याच दर्जाचा, नीट चालला तर चिप, पंखा आणि केबल ठीक आहेत आणि दोष तुमच्या सिस्टिममध्येच आहे. मात्र तिथेही चिपवर उलगडतंय ना हे आधी बघा, कारण यूएसबीवरच्या लिनक्समध्ये प्रश्न १७ मधले अडथळे असू शकतात.

२१. सगळं करून पाहिलं. आता मदत मागताना काय लिहू?

चिपचं पूर्ण नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख, सिस्टिमची आवृत्ती, ब्राउझर किंवा प्लेअरची आवृत्ती, अडखळणाऱ्या व्हिडिओचा कोडेक आणि दर्जा, पडद्याचे हर्ट्झ, आणि प्रश्न ५ मधल्या तपासणीचा निकाल. त्याबरोबर कायकाय करून पाहिलं ते, ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं. एका वेळी एकच बदल केला असेल तर ही यादी अमूल्य असते. चार बदल एकत्र केले असतील तर तसं प्रामाणिकपणे लिहा, म्हणजे वाचणारा कुठून सुरुवात करायची ते ठरवू शकेल.